पालक : नाही

शकुनबाईंनी कार्ड असं आपटलं की तृप्तीच्या कपातला चहा टेबलावर सांडला.

"तिसऱ्यांदा आली मी भंडाऱ्याले. वाच, काय लिहलं ते."

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मासेमारी करणाऱ्या एका संस्थेचं ते ओळखपत्र होतं. पोरीचं नाव टीना, गाव बरोबर, फोटोही बरोबर. खाली छापलं होतं, 'पालक : नाही'.

"नवरा टाकून गेला तवा पोरगी दीड वर्साची होती. फारमात आईच्या रकान्यात मी माहं नाव लिहून देल्लं. मंग हे 'नाही' कायले? पोरगी का वाऱ्यानं आणली?"

कार्डं छापणारा प्रोग्राम तृप्तीच्याच कंपनीचा. तिने कोड उघडला. दर गावच्या फॉर्मचे रकाने निराळे. म्हणून प्रोग्राम आयत्या वेळी रकान्याचं नाव उचलायचा आणि त्याच नावाने माहिती कार्ड बनवणाऱ्या फंक्शनकडे पाठवायचा. त्या फंक्शनला रकान्यांची चारच नावं ठाऊक होती : नाव, गाव, फोटो, वडील. वडील आले नाहीत तर पालकाच्या जागी 'नाही'. पण अनोळखी नाव आलं तर त्याने अडायला हवं होतं, एरर द्यायला हवी होती. ते अडलंच नव्हतं.

वर सरकत गेल्यावर तिला एक ओळ सापडली. अनोळखी नावं आधीच वेगळी काढून फेकून देणारी. 'आई' तिथेच गळून पडली होती, कुणाला कळूही न देता.

"अनुप!"

दोन टेबलं सोडून बसलेला तिचा सीनियर दचकला. मूळ प्रोग्राम त्याचाच.

"एरर येऊ नये म्हणून तू माणसाची आईच गाळून टाकली? लाज कशी नाही वाटली तुले?"

सगळी कचेरी वळून पाहू लागली. अनुप उठून आला, वाकला, आणि कुठली ओळ कोणी लिहिली याची नोंद त्याने पडद्यावर उघडली.

तृप्ती. नोकरीचा दुसरा आठवडा.

प्रोग्राम सारखा बंद पडत होता त्या दिवशी. ही ओळ लिहिल्यावर तो सुरळीत चालला आणि ती खुशीत घरी गेली होती.

तिने ओळ खोडली. कीबोर्डच्या कळा जोरजोरात वाजल्या. आता येईल ते नाव फंक्शनने एका गाठोड्यात घ्यायचं आणि आलं तसं छापायचं. नवं कार्ड बाहेर आलं : 'आई : शकुनबाई'.

"कोनाची चुकी होती?" शकुनबाईंनी विचारलं.

अनुप खिडकीबाहेर पाहत राहिला.

"माही," तृप्ती म्हणाली.

शकुनबाईंनी कार्ड पदराला पुसलं, दोनदा वाचलं आणि तृप्तीच्याच हातात परत ठेवलं.

"मले नोको सांगू. पोरगी बाहेर पायरीवर बसून हाय. अंदर याले तयार नाही. तिले सांग."

तृप्तीने खुर्ची मागे सारली.