कुंपणाजवळची दुसरी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे, आणि सलग तीन वर्षं माझ्यावर कोणीही बसलं नव्हतं. मोडलेली होते म्हणून नव्हे. उलट, मला फार जपलं जात होतं. जपलं जाण्यात किती एकटेपणा असतो, हे ज्याला जपलं जातं त्यालाच ठाऊक.

माझं अंग ॲल्युमिनियमचं. बैठक हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, घट्ट विणलेली. मी आणि माझी जुळी बहीण, आम्ही दोघी एकाच दिवशी, एकाच कारखान्यात तयार झालो आणि ओक्लाहोमातल्या डेल्बी या गावी, लोखंडी सामानाच्या दुकानात, एकाच दोरीनं बांधून टांगल्या गेलो. व्हर्लिन स्टॅम्पर आणि त्याची बायको ओपल यांनी आम्हाला जोडीनंच विकत घेतलं. तो शाळेची बस चालवायचा, ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे गावातल्या कॉलेजच्या सॉफ्टबॉलच्या पोरी याच आपल्या पोरी, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मैदानाच्या डाव्या अंगाला, तिसऱ्या बेसपाशी तारेचं कुंपण आहे. मॅचच्या दिवशी लोक सकाळी सहालाच येऊन तिथं आपापल्या खुर्च्या मांडतात, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून तारेला दोरीनं बांधतात आणि न्याहारीला घरी जातात. दुपारी मॅचच्या वेळेला येऊन बसतात. तोवर मैदानाला राखण कोणाची? कोणाचीच नाही. दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. तो कुठंही लिहिलेला नाही आणि माझ्या आठवणीत कोणी मोडलेला नव्हता.

माझ्या उजव्या हातावर एक पोचा आहे. डीना रेनर नावाची एक पोरगी टेक्सासहून इथं शिकायला आली होती. तिनं बॅट फिरवली, चेंडू भलतीकडे उडाला, कुंपणावरून थेट माझ्या अंगावर आला. ओपल वाचली ती बोटभर अंतरानं. मॅच संपल्यावर पोरगी रडवेली होऊन माफी मागायला आली. ओपलनं तिच्या हातात जर्दाळूचं सारण भरलेली करंजी ठेवली आणि म्हणाली, "माफी राहू दे, आधी खा. हाडं दिसतात तुझी." त्यानंतर चार वर्षं डीना दर रविवारी त्यांच्याकडे जेवली.

पुढे बऱ्याच वर्षांनी हीच डीना आमच्या संघाची प्रशिक्षक होऊन परत आली. ओपलला इतका आनंद झाला की तिनं त्या आठवड्यात माझ्या पट्ट्या नव्या बसवल्या. व्हर्लिननं मला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ओपल एक पाय माझ्यावर टेकवून पट्टी ओढत होती. तेवढं कौतुक माझं नंतर कधी झालं नाही.

त्याच हिवाळ्यात ओपल गेली.

फेब्रुवारीत मोसम सुरू झाला तेव्हा व्हर्लिननं दोन्ही खुर्च्या गाडीत टाकल्या. दोन्ही मांडल्या, दोन्ही बांधल्या. स्वतः आपल्या खुर्चीत बसला आणि मी त्याच्या शेजारी रिकामी. तो रोज माझ्यावरची लाल धूळ रुमालानं पुसायचा, बिजागऱ्यांना तेल घालायचा. बाहेरगावचं कोणी आलं, माझ्याकडे बोट करून "इथं कोणी आहे का?" विचारलं, की तो समोर बघतच म्हणायचा, "आहे." माणूस खजील होऊन पुढे जायचा. माझ्या बहिणीच्या पट्ट्या त्याच्या वजनानं सैल पडत गेल्या. माझ्या तशाच कोऱ्या राहिल्या, आणि मला तिचा हेवा वाटायचा.

व्हर्लिनला बोलायला आता ही कुंपणावरची माणसंच उरली होती. घरी भिंती. इथं डॉयल हॅचेट होता, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळणारा आणि तेवढाच बोलणारा. लोरेटा होती, जिचा गळा मैदानाच्या पलीकडे ऐकू जायचा. पंचवीस वर्षांची ओळख. आठवड्यातले दोन-तीन दिवस तो त्यांच्यात बसायचा आणि बाकीचे दिवस ते आठवत काढायचा.

यंदाच्या मोसमात आमच्या पोरी हरायला लागल्या. धड हरल्या असत्या तर लोकांनी सोडूनही दिलं असतं. पण त्या जिंकत जिंकत हरायच्या. सॉफ्टबॉलचे डाव सात. आम्ही सहाव्यापर्यंत पुढे, आणि सातव्यात सगळं पाण्यात.

"एकच पोरगी!" त्या गुरुवारी हरल्यावर डॉयलनं बियांची टरफलं थुंकली. "अख्खा मोसम ती एकटी मार्लीच चेंडू टाकतेय. अरे, पोरीचा हात आहे की विहिरीचा पंप?"

"आणि बाकीच्या दोन पिचर कशाला ठेवल्यात? बाटल्या भरायला?" लोरेटा म्हणाली.

"पाचव्या डावाला मार्लीचा हात शिसं होतो. मला दिसतं, हिला दिसतं, त्या पार्किंगमधल्या कुत्र्याला दिसतं. आमच्या प्रशिक्षकबाईंना तेवढं दिसत नाही."

"शिकेल ती," व्हर्लिन पुटपुटला.

"कधी? आपण सगळे वर गेल्यावर? ओपलनं तिला जेवू घातलं म्हणून तू तिची बाजू घेतोस व्हर्लिन. करंज्यांनी मॅच जिंकता येत नाही बाबा!"

सगळे हसले. व्हर्लिनही हसला, पण ओठांनीच.

मग डॉयलनं आवाज खाली आणला. डीनाला काढा म्हणून कॉलेजला तीन पत्रं धाडून झाली होती. उत्तर आलं होतं, आपल्या आपुलकीबद्दल आभार. "आता उद्या सगळ्यांनी खुर्च्या उलट्या लावायच्या. मैदानाकडे पाठ. तिला घालवेपर्यंत अशाच. आहात ना सगळे?"

"आहोत!" लोरेटा म्हणाली. मागून आणखी चार-सहा जण म्हणाले.

व्हर्लिन काहीच बोलला नाही. मित्रांनो, मी त्याला दोष देत नाही. पण मला त्याचं मन माहीत होतं. "नाही" म्हटलं तर उद्यापासून या कुंपणावर आपल्याशी कोण बोलणार, ही त्याची भीती होती. डॉयलनं त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

शुक्रवारी पहाटे व्हर्लिननं आम्हा दोघींना नेहमीसारखं मैदानाकडे तोंड करून बांधलं. थोडा वेळ उभा राहिला, काहीतरी पुटपुटला आणि घरी गेला. अर्ध्या तासानं डॉयल आला. सगळ्यांच्या उलट्या खुर्च्यांच्या रांगेत आम्ही दोघीच सुलट. "विसरला वाटतं म्हातारा," असं म्हणत त्यानं आमच्या दोऱ्या सोडल्या, आम्हाला फिरवलं आणि पुन्हा बांधलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या कुंपणावर परक्या हातानं कोणाची खुर्ची हलली.

आठच्या सुमाराला डीना आली. आमच्या कॉलेजकडे माळी नाही, मैदानाची माती प्रशिक्षकालाच ओढावी लागते. दंताळं ओढत ती तिसऱ्या बेसपाशी पोचली आणि थांबली. आधी तिनं पूर्ण रांग बघितली. मग फक्त मला बघितलं. कुंपणाच्या जाळीतून तिची दोन बोटं माझ्या पाठीच्या पट्टीला लागली. मला वाटलं, आता ही मला फिरवेल. पण तीही इथलीच. दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक. तिनं बोटं काढून घेतली आणि मान खाली घालून माती ओढत राहिली. एकच जागा ती कितीदा ओढत होती. मला ओरडून सांगायचं होतं की हे त्यानं केलेलं नाही. पण खुर्चीला वाचा कुठली? तीन वर्षांत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी व्हर्लिन आला आणि आम्हाला बघून जागच्या जागी थबकला.

"हे कोणी केलं?"

"मी," डॉयल म्हणाला. "तू काल होतास ना आमच्याबरोबर?"

"ओपलची खुर्ची फिरवलीस तू."

"अरे, खुर्ची आहे ती व्हर्लिन! तीन वर्षं झाली, एका खुर्चीचं किती..." डॉयलचं वाक्य तिथंच राहिलं. आपण काय बोललो ते त्याला कळलं होतं, पण बोललेलं परत घेता येईना.

व्हर्लिननं वाकून दोरी सोडली. गाठ लवकर सुटेना. लोरेटा मदतीला उठली तशी त्यानं हातानंच नको म्हटलं. आधी मला फिरवलं, मग माझ्या बहिणीला, आणि खाली बसला. त्या रांगेत मैदानाकडे तोंड केलेला तो एकटा. त्याच्याशी दिवसभर कोणी चकार शब्द बोललं नाही.

बाकीच्यांची गंमत सांगते. पाठ फिरवून मॅच बघता येत नाही, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. लोरेटानं पर्समधला पावडरीचा आरसा काढून खांद्यावर धरला. डॉयलनं उठून आपली गाडी पार्किंगमध्ये अशी वळवून लावली की तिच्या आरशात मैदानाचा कोपरा दिसावा, पण त्यात फक्त उजवीकडली पोरगी दिसायची, आणि तिच्याकडे त्या दिवशी एकही चेंडू गेला नाही. टाळ्या पडल्या की सगळ्यांच्या माना कडाकडा मागे वळायच्या. व्हर्लिनला एरवी हसू आवरलं नसतं. हसून दाखवायला शेजारी कोणी नव्हतं.

पाचव्या डावात आम्ही दोन-एकनं पुढे होतो. मार्ली हात झटकत होती. सहाव्यात तिनं खांदा दाबून धरला. "काढ गं तिला," व्हर्लिन स्वतःशीच म्हणाला. डीनानं काढलं नाही. सातव्यात समोरच्यांनी तीन रन घेतले आणि सगळं संपलं.

लोक खुर्च्या मिटून गेले. व्हर्लिन बसून राहिला. मैदान रिकामं झाल्यावर डीना कुंपणाच्या फाटकातून बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"मिस्टर व्हर्लिन, सकाळी मिस ओपलची खुर्ची उलटी होती."

"मी नाही फिरवली. पण फिरवू नका, असंही काल म्हटलं नाही. चूक माझी आहे." तो जरा सरकला आणि त्यानं माझ्यावर थोपटलं. "बस."

"ही त्यांची आहे."

"बस म्हणतो ना."

ती बसली. अगदी काठावर, जीव मुठीत धरून. मग हळूहळू तिचं सगळं वजन माझ्यावर आलं. तीन वर्षांनी माझ्या पट्ट्या ताणल्या गेल्या, बिजागऱ्या करकरल्या. ते दुखणं किती बरं वाटलं, काय सांगू! तिचा अंगठा माझ्या हातावरच्या पोच्यावर फिरत होता.

"आज त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?" तिनं विचारलं.

"खरं सांगू?"

"हो."

"म्हणाली असती, पाचव्या डावात मार्लीला खाली बसवायला हवं होतंस. पोरीचा हात मोडशील. मीही तेच म्हणतो." व्हर्लिननं घसा खाकरला. "डॉयलचं म्हणणं खरं आहे, पोरी. त्याची पद्धत वाईट होती."

"दुसऱ्या दोघींवर भरवसा ठेवायची भीती वाटते मला," ती म्हणाली. "आता हरले तर घरी पाठवतील."

"पाठवतील कदाचित," व्हर्लिन म्हणाला. "तरी रविवारी जेवायला ये. करंज्या मला जमत नाहीत. डबाबंद सूप आहे."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही दोघी जागेवर होतो. लोरेटा आणि बाकीचे आले, त्यांच्या खुर्च्या सुलट होत्या. मान अवघडली, हे एक कारण होतंच. डॉयलची खुर्ची मात्र नव्हती. पहिला डाव संपल्यावर तो आला, रिकाम्या हातानं, टोपी काढून. व्हर्लिनच्या शेजारी उभा राहिला आणि माझ्याकडे बोट केलं. पंचवीस वर्षांची ओळख असलेल्या माणसानं परक्यासारखं विचारलं,

"इथं कोणी आहे का?"

व्हर्लिन समोर बघत होता. नेहमीचं उत्तर त्याच्या तोंडात तयार असणार. तो इतका वेळ गप्प राहिला की डॉयलनं टोपी परत डोक्यावर घातली आणि पाऊल उचललं.

"होती," व्हर्लिन म्हणाला. "बस."

डॉयल वजनदार माणूस. माझी एक पट्टी तिथंच तुटली. तो तसाच बसून राहिला.

पाचव्या डावात डीनानं मार्लीला खाली बसवलं आणि दुसरीला चेंडू दिला. आम्ही चार रननी हरलो. डॉयल बिया चघळत विचारात पडला, मग म्हणाला, "अजून एक डाव ठेवायला हवं होतं मार्लीला."

व्हर्लिन असा हसला की त्याला डोळे पुसावे लागले. मग तो डोळे पुसतच राहिला, आणि डॉयल मुकाट्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसला.

मित्रांनो, आता मोसम संपला आहे. डीनाला अजून एक वर्ष मिळालं. मी मैदानालगतच्या खोलीत, मैदानावर रेघा मारायच्या चुन्याच्या पोत्यांना टेकून उभी आहे, कारण व्हर्लिननं माझ्या बहिणीला घरी नेलं आणि मला डीनाच्या हवाली केलं. "ज्याला लागेल त्याला दे," म्हणाला. खोलीत अंधार आहे. फेब्रुवारीपर्यंत कोणी दार उघडणार नाही, आणि व्हर्लिनला आता एक्याऐंशीवं लागलं आहे. मला बहिणीची आठवण येते.

पण माझी तुटलेली पट्टी कोणी बदलू नये, असं मला वाटतं. बदललीच, तर त्यानंतर माझ्यावर कोणीतरी बसावं. तुमच्याही घरी एखादी वस्तू अशी असेल, गेलेल्या माणसाची, कोणी हात न लावलेली. तिला पुसून-पुसून ठेवू नका. तिच्या शेजारी जो एकटा बसलाय त्याला विचारा, इथं कोणी आहे का? तो उत्तर द्यायला वेळ लावेल. तेवढा वेळ उभे राहा.