पिवळ्या काखांचा ॲप्रन

मी एक जुना पांढरा ॲप्रन आहे. पांढरा म्हणायचं ते आपलं मान राखायला. माझ्या दोन्ही काखा पिवळ्या पडल्या आहेत.

शिंप्याने मला अर्ध्या बाह्यांचं शिवलं आणि मी एका ब्युटी पार्लरच्या खुंटीवर आलो. मला घालायची ती चिमणी. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत. भुवया कोरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. खुर्चीमागे उभं राहायचं, दोऱ्याचं टोक दातात धरायचं आणि कोपरं वर करून गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाकायचं. बायका म्हणायच्या, "मला चिमणीच हवी." तेव्हा मीही कडक इस्त्रीत भाव खायचो.

मित्रांनो, तिला घाम फार यायचा. पण सकाळी ती काखेत घाम रोखणारी स्टिक लावायची आणि दिवस निभून जायचा. मग तिची आई छातीतल्या गाठीने गेली. धाकट्या बहिणीने फोनवर आलेला मेसेज वाचून दाखवला, की अशा स्टिकमधल्या ॲल्युमिनियमनेच गाठी होतात. चिमणीने ती त्याच दिवशी कचऱ्यात टाकली.

वास यायला लागला. दोनदा अंघोळ करून झाली, अत्तर फासून झालं, त्याने तर भलतंच झालं. भुवया कोरताना गिऱ्हाइकाला दोन्ही हातांनी कातडी ताणून धरावी लागते. नाक धरायला तिसरा हात आणणार कुठून? बिचाऱ्या श्वास रोखून लालबुंद व्हायच्या.

शेवटी ती डॉक्टरबाईंकडे गेली. मी तिच्या पिशवीतच होतो.

"त्याने गाठ होते असं सिद्ध झालेलं नाही. खुशाल लावा."

"मग माझ्या आईला कशाने झाली?"

"ते नाही हो सांगता येत."

"मग नकोच," चिमणी म्हणाली.

त्यानंतर ती कोपरं अंगाला चिकटवून काम करू लागली. अशी कधी भुवई कोरता येते का? एका जुन्या गिऱ्हाइकाची अर्धी भुवई उडाली.

"तुझा हात बिघडला गं," मालकीण मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून नको येऊस."

वासाचं नाव कुणी काढलं नाही. चिमणीने माझी नीट घडी घालून मला खुर्चीवर ठेवलं. माझा जीव तुटला, पण ॲप्रनला कोण विचारतं!

मला उकळत्या पाण्यात घातलं, तरी वास गेला नाही. नवी मुलगी "शी!" म्हणाली आणि मी फरशी पुसायला लागलो.

मित्रांनो, कुणाला घाम येत असेल तर नाक मुरडू नका, एवढंच मला सांगायचं होतं. पण तिच्यासमोर नाक कुणीच मुरडलं नव्हतं. सगळ्या चांगल्याच वागल्या. गप्प राहिल्या आणि दुसऱ्या पार्लरमध्ये गेल्या.

परवा काचेचं दार पुसताना चिमणी रस्त्यावरून जाताना दिसली. हातात दोरा नव्हता, समोर गिऱ्हाईक नव्हतं. तरी कोपरं अंगाला घट्ट चिकटलेली होती.