न घडल्याचा पगार

…आणि त्या लाल ठोकळ्याचा एक कोपरा झिजून आतलं पांढरट प्लास्टिक दिसायला लागलं होतं, कितीजणांच्या अंगठ्यांनी कोण जाणे, आणि त्याचाही अंगठा सकाळपासून तिथेच घोटाळत होता. काडेपेटीएवढा ठोकळा. धावपट्टीवर तपासणीची जीप गेली, की समोरच्या पाटीवर धावपट्टीच्या खणात तो ठेवायचा. जीप बाहेर आली की उचलायचा. ठोकळा खणात आहे तोवर कुठल्याही विमानाला उतरायची परवानगी द्यायची नाही. बस, एवढंच. पहिलीतल्या पोरालाही जमेल असं काम, आणि त्यासाठी, मेव्हणा म्हणतो तसं, त्याला सरकारी जावयासारखं पोसतात.

"उचल की रे तो आता. जीप कधीच बाहेर आली," शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी म्हणाला.

त्याने दुर्बीण लावून बाहेर पाहिलं, जीपला माईकवर पुन्हा एकदा विचारलं, आणि मगच ठोकळा उचलला. सहकारी हसला. "एकदा विचारून भागायचं तुझं. हल्ली तीन-तीनदा विचारतोस. म्हातारा झालास की काय?"

तोही हसला. भिंतीवरच्या घड्याळात आठ बावन्न झाले होते. नऊला त्याची सुटी होती, पाऊण तासाची. आणि नऊ चाळीसला ती टेप पुसली जाणार होती.

पुसली जाणार म्हणजे कोणी हाताने पुसणार नव्हतं. टॉवरमध्ये माईकवर उच्चारलेला शब्द न् शब्द समोरच्या जुन्या इमारतीतल्या एका यंत्रात साठत राहतो, तीस दिवस. एकतिसावा लागला की नवा आवाज जुन्या आवाजावर चढतो, मिनिटावर मिनिट. मधे कोणी फोन करून 'अमुक दिवसाची, अमुक वेळेची टेप बाजूला काढ' असं सांगितलं, तरच ती वाचते. फोनला अर्धं मिनिटही लागत नाही. गेल्या तीस दिवसांत अशी किती अर्धी मिनिटं आली आणि गेली… जेवताना, दाढी करताना, दोन विमानांच्या मधल्या शांततेत. दर वेळी तो स्वतःला सांगत होता, आहेत अजून दिवस. मग, आहेत अजून तीन दिवस. मग, उद्याचा दिवस आहे की.

त्या दिवशी, तीस दिवसांपूर्वी, धुकं होतं. धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं, आणि त्या टोकाला तपासणीच्या जीपचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणत, मेलेला पक्षी उचलायला जीप घेऊन गेले होते — परवानगी मागून, रीतसर. परवानगी दिली कोणी, तर त्यानेच. ठोकळा पाटीशेजारी होता. तो उचलायला त्याने हात पुढेही केला होता — हे त्याला लख्ख आठवतं, हाताचं ते पुढे होणं — आणि तेवढ्यात एका वैमानिकाने वाऱ्याचा वेग विचारला, त्याने तो सांगितला, हात चहाच्या कपाकडे वळला, आणि पुढच्या मिनिटाला खण रिकामा दिसला म्हणून त्याने शांत, स्वच्छ, शिकवल्याबरहुकूम आवाजात एकशे साठ माणसांच्या विमानाला उतरायची परवानगी दिली. मामांना धुक्यातून दिवे दिसले. त्यांनी पक्षी टाकला, जीपमध्ये उडी मारली आणि ती सरळ गवतात घातली, कडेचा एक दिवा फोडून. विमान उतरलं. वैमानिकाने नेहमीसारखे आभार मानले. मग मामांचा आवाज आला, धाप लागलेला: "बाहेर आलोय साहेब." आणि तो म्हणाला, "समजलं." टेपवर हेही आहे. समजलं.

कोणालाच काही कळलं नाही. काही घडलंच नव्हतं, तर कळणार काय? फुटलेल्या दिव्याबद्दल मुकादमाने विचारलं तेव्हा मामांनी सांगून टाकलं, मी पक्षी उचलायला खाली उतरलो होतो, तेवढ्यात टॉवरवरून 'बाहेर ये' असं सांगितलं असणार, मी जीपमध्ये नव्हतो, मला ऐकूच आलं नाही, चूक माझी. मुकादमाने कागद वाढवले नाहीत. मामांची जीप काढून घेतली आणि त्यांना फाटकावर बसवलं. धावपट्टीवर काम करणाऱ्याला मिळतो तो भत्ता बंद. हे त्याला चार दिवसांनी कँटीनमध्ये कळलं, आणि त्याने पुढचा घास गिळला.

टॉवरवरून काहीही सांगितलं गेलं नव्हतं. टेप ऐकली की शेंबड्या पोरालाही कळेल.

नऊ वाजले. त्याची जागा घ्यायला दुसरी कंट्रोलर आली, त्याने तिला आकाशातली चार विमानं आणि जमिनीवरचं एक समजावून दिलं, हेडसेट काढला आणि जिना उतरायला लागला. एकशे दोन पायऱ्या. लिफ्ट होती, पण पायऱ्यांनी वेळ जास्त लागतो, आणि तो प्रत्येक वळणावर थांबतही होता.

"भाऊजी, एका विमानामागे किती पडतात हो?" मेव्हण्याने एकदा भर पंगतीत विचारलं होतं. सगळे हसले. तो म्हणाला, "विमानामागे नाही रे मिळत. न धडकण्याचे मिळतात." तेव्हा वाक्य जमल्याचा त्याला केवढा आनंद झाला होता! पण खरं सांगायचं तर तेच खरं होतं. मूळ पगार म्हणजे कुठल्याही कारकुनाचा असतो तेवढाच; त्यावर भत्ता, आणि धाकट्या भावाने थोरल्याच्या डोक्यावरून वाढावं तसा तो भत्ता मुळाहून मोठा. विमानतळावर वर्षाला विमानं किती उतरतात त्यावरून टॉवरचा दर्जा, दर्जावरून भत्ता. टॉवरमधल्या किती खुर्च्यांवर बसायचं लायसन्स आहे त्यावरून भत्ता. पहाटपाळी, रात्रपाळी. दर वर्षी डोळे, कान, रक्तदाब, आणि 'झोप नीट लागते का' या प्रश्नापुढे 'हो'. महिन्याला ठरलेले तास खुर्चीत बसलात तरच. खुर्चीतून उठवलं, की दुसऱ्या दिवसापासून माणूस मूळ पगारावर येतो. चौकशी लागली तर सहा महिने, कधी वर्षही. आणि जे परत येतात ते या टॉवरला येत नाहीत, दिवसाला पाच विमानांच्या कुठल्यातरी टॉवरला जातात, त्या टॉवरच्या दर्जाने. पगार जबाबदारीचा असतो म्हणतात. मग जबाबदारी घेतली की तोच का जातो, हे त्याला तीस दिवसांत कोडंच होऊन बसलं होतं.

उपाशी मेलो नसतो आपण, जिना उतरताना तो स्वतःशीच म्हणाला. हेच तर वाईट होतं. उपाशी मरायची पाळी असती तर माणसाला स्वतःची कीव तरी करता आली असती. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. त्यांच्या घराने अंथरूण वाढत गेलं तसे पाय पसरले होते, इतकंच. आणि बायको… त्या प्रकाराच्या तीनच दिवस आधी बायकोने नोकरी सोडली होती. सोळा वर्षं एका दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांच्या शिव्या खाल्लेली बाई. "सोड," त्यानेच सांगितलं होतं. "माझ्या पगारात भागेल की!" केवढ्या रुबाबात म्हणाला होता तो. आज सकाळी तो बूट घालत होता तेव्हा ती खिडकीशी चहा घेऊन नुसती उभी होती. काहीही न करता. सोळा वर्षांत त्याने तिला सकाळी असं उभं पाहिलं नव्हतं.

"अरे, उन्हं कुठवर येतात ते बघत होते," ती म्हणाली होती. "मला ठाऊकच नव्हतं, टेबलापर्यंत येतात."

ती उन्हं आपण तिच्याकडून काढून घ्यायची? आणि मामांच्या घरात उन्हं कुठवर येतात, हे मात्र विचारायचं नाही. असा सगळा न्याय.

खाली आला तेव्हा नऊ वीस झाले होते. जुन्या इमारतीकडे जायचं तर आवार ओलांडावं लागतं आणि मधे फाटक. फोन वरूनही करता आला असता. पण आपण स्वतः जाऊन सांगू, समोर उभं राहून, असं त्याने ठरवलं होतं. की फाटक मधे येतं म्हणूनच हा रस्ता ठरवला होता? काय की. हल्ली त्याचा स्वतःच्या ठरवण्यावर भरवसा राहिला नव्हता.

मामा लोखंडी खुर्चीतून उठले. साठीला आलेला माणूस; अंगावर नवा निळा सदरा, इस्त्रीच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. फाटकावर गणवेश वेगळा असतो.

"या साहेब, या! तुमचीच आठवण काढत होतो आत्ता. शंभर वर्षं आयुष्य आहे बघा." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आज तीस झाले. तुमच्या ध्यानात आहे की नाही?"

"कसले तीस, मामा?"

"टेपचे हो! मी रोज मोजतोय. कॅलेंडरवर खुणा केल्यात. बायको म्हणते, कसल्या खुणा? म्हटलं, दुधाच्या." ते तोंडावर हात ठेवून हसले. "नऊ चाळीस झाले की सुटलो. मग कोणी कितीबी खणू दे, सापडायचं नाही."

"मामा…"

"नाही, बोलू द्या मला. इतके दिवस तुम्हाला गाठावं म्हणत होतो, पण तुमच्या मागे काम. साहेब, तुम्ही मनात आणलं असतं तर त्याच दिवशी कागद केला असता. ड्रायव्हर सांगूनही बाहेर आला नाही, असा. माझी नोकरीच गेली असती, दोन वर्षं राहिलीत नुसती. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. माझ्यासाठी तुम्ही स्वतःची मान अडकवून घेतलीत, हे मला कळत नाही होय? भत्ता गेला तर जाऊ दे. धाकटीला सांगितलं, शिकवणी बंद, घरी बसून अभ्यास कर. हुशार आहे ती, करतेय." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती. "एकशे साठ माणसं होती हो त्यात. रात्री डोळा लागत नाही मला. मी कशाला उतरलो खाली?"

सांग. आत्ता सांग. अठरा मिनिटं आहेत, जुनी इमारत पन्नास पावलांवर आहे, यंत्राजवळचा माणूस आत बसलेला दिसतोय, त्याची पाठ दिसतेय. सांग, की मामा, तुम्हाला कोणी बोलावलंच नव्हतं. तुम्ही खाली उतरलात ते बरोबर होतं, दिवा फोडलात ते बरोबर होतं, त्या एकशे साठांना तुम्ही वाचवलंत, आणि मी — मी चहा प्यायलो.

"बसा ना साहेब," मामा म्हणाले. त्यांनी खुर्ची पुसून पुढे केली आणि स्वतः उभे राहिले.

आणि तो बसला. आपण बसतोय हे त्याला दिसत होतं. त्याला उठता येत होतं, पायांना काही झालेलं नव्हतं, कोणी धरलं नव्हतं. मामा बोलत राहिले, धाकटीच्या परीक्षेबद्दल, फाटकाच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीबद्दल. त्याने मान डोलावली, दोनदा 'हो ना' म्हटलं. यंत्राजवळचा माणूस उठला, आळस देऊन पुन्हा बसला. मामांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि ते काटा बघत राहिले. एक विमान उतरलं, त्याचा आवाज विरला.

"झालं साहेब," मामा म्हणाले. "एक्केचाळीस." आणि लहान मुलासारखं हसून त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "आता एवढं करा. मुकादमाकडे शब्द टाका माझ्यासाठी. तुमचा शब्द नाही मोडायचा तो."

"टाकतो," तो म्हणाला.

टाकणारही होता. मामांना जीप मिळणार होती, भत्ता मिळणार होता, आणि जन्मभर ते त्याचे उपकार मानणार होते. सगळं कसं नीट बसत होतं. त्याने सुटकेची वाट पाहिली — यायला हवी होती, तीस दिवस तिच्यासाठीच तर काढले होते — पण आलं ते भलतंच काही. टॉवरमधला फोन वाजला की तीस दिवस काळीज लक्कन हलायचं, त्याला तो भीती म्हणत आला होता. ती भीती नव्हती. तो वाट पाहत होता. कोणीतरी फोन करील, टेप काढायला सांगील, समोर बसवून विचारील, आणि मग बोलावंच लागेल. पगार गेला तर गेला, पण आपण होऊन सोडला असं नाही, कोणीतरी काढून घेतला असं होईल. लपाछपीत एखाद्याने इतकं छान लपावं, की बाकीची पोरं शोधून कंटाळून जेवायला घरी निघून जावीत, तसं झालं होतं. आता कोणी यायचं नाही. फोन वाजेल आणि तो नुसता फोन असेल.

"मामा," तो उठत म्हणाला.

"बोला साहेब."

तीन शब्द होते: चूक माझी होती. त्यांना टेप लागत नव्हती, साक्ष लागत नव्हती, कोणाची परवानगी लागत नव्हती. इतके दिवस त्यांना निदान एक शेवटची तारीख तरी होती. आता तीही नव्हती. ते आज सांगता आले असते, उद्याही, पुढच्या वर्षीही, मामांच्या निरोपसमारंभातही. ते तितकेच खरे राहणार होते, आणि ते त्याच्याकडून काढून घ्यायला आता कोणीही येणार नव्हतं.

मामा अजून हसऱ्या चेहऱ्याने वाट पाहत उभे होते.