कोयत्यातलं दुसरं नाव

"माय, बघ की! आपल्या गावाच्या पानावर तुमचं नाव आलं." पंचशीलानं मोबाइल पुढं केला. सरूबाई तवा-पातेल्यांचं गठुडं बांधत होती. ऊसतोडीचा ट्रक संध्याकाळी निघणार होता.

"वाच."

"शहादेव, एक कोयता. कारखान्याचं नाव, मुकादम बंकट, फोन नंबर."

"आन मी?"

"अगं, कोयत्यात तू आलीच की."

"मंग ऊस तुज्या बानं एकट्यानंच तोडला व्हय?" सरूबाई हसली आणि पुन्हा गाठ मारू लागली.

नवराबायको मिळून एक कोयता, ही ऊसतोडीची रीत पंचशीलाच्या अंगात इतकी मुरलेली, की पानाचा साचा, म्हणजे कोणती माहिती कुठं दिसणार ते, लिहितानाही तिला काही खटकलं नव्हतं. सासर गावातच, त्यामुळं ती इथल्याच ग्रामपंचायतीत संगणकावर बसते. मागं राहिलेली म्हातारी माणसं "पोरं कोन्त्या कारखान्यावर हायत?" म्हणून तिलाच विचारायची. म्हणून हे वेबपान करायचं तिनं मनावर घेतलं आणि सासूची बोलणी खात अंबाजोगाईला क्लास लावला. डेटाबेसमधली नावं साच्यातून पानावर आणताना कितीदा पान कोरंच उघडलं! दुसऱ्या कुणी कधीच नाद सोडला असता. हिनं सोडला नाही, आणि मला तिचं कौतुक वाटतं ते याचंच.

घरोघर फिरून तिनं बायकांचीही नावं भरली होती. ती डेटाबेसमध्ये होती, फक्त साच्यात त्यांना जागा नव्हती. आपल्याच हातानं आपण मायला वगळलं, हे तिला फार लागलं.

ती तशीच ग्रामपंचायतीत पळाली. साच्यात नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोच्या नावासाठी एक ओळ घातली. पान पुन्हा उघडलं, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या गावातल्या सगळ्या बायका एकदम हजर! रिकाम्या खोलीत पंचशीला एकटीच मोठ्यानं हसली.

ती ट्रकपाशी पोचली तेव्हा माणसं चढत होती. सरूबाईला वाचता येत नव्हतं.

"कोन्तं माजं?"

लेकीनं दाखवलं. सरूबाईनं पदराला बोट पुसलं आणि अक्षरांवर अलगद टेकवलं. पान वर सरकलं.

"अगं बया, पळालं की!"

"न्हाई पळत. आता हितंच ऱ्हातंय."

मागून बायका वाकल्या. "माजं बी बघ की गं."

तेवढ्यात मुकादमानं हजेरी सुरू केली, तशी सरूबाई घाईनं ट्रकमध्ये चढली.

"शहादेव, एक कोयता!"

दरवर्षी शहादेव "हाय" म्हणायचा. यंदा त्यानं तोंड उघडायच्या आत ट्रकमधून सरूबाईचा आवाज आला.

"आमी दोघं हाव."