भिंतीचं चाक

संघात तिला सगळे ‘भिंत’ म्हणत. नाव ताईने ठेवलं होतं, आणि ताई म्हणजे संघाची कर्णधार, त्यामुळे ते चिकटलं. कामही तेच होतं. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत भिंतीने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, ताईने मागे आडोशाला बसून पाय ताजे ठेवायचे आणि शेवटच्या तीनशे मीटरला पुढे येऊन पदक न्यायचं. याबद्दल भिंतीची तक्रार नव्हती. तक्रार वेगळीच होती, आणि ती तिने चार वर्षं पोटात ठेवून चांगली मुरवली होती.

चार वर्षांपूर्वीच्या खंडीय क्रीडास्पर्धेत ताईचं चाक पंक्चर झालं. संघाची गाडी मागे अडकलेली, कॅमेरेही पुढे गेलेले. भिंतीने रिवाजाप्रमाणे थांबून स्वतःचं चाक काढून दिलं. ताई गेली आणि रौप्यपदक घेऊन बसली. भिंत सायकल खांद्यावर टाकून चार किलोमीटर चालत आली, आणि निकालाच्या यादीत तिच्यापुढे ‘शर्यत अपूर्ण’ लागलं. इथवरही ठीक होतं. पण मुलाखतीत कोणीतरी सोबतिणीबद्दल विचारलं, तेव्हा ताई पदक कुरवाळत म्हणाली, “तिची सायकल बिघडली. मग मी एकटीच होते.”

हे वाक्य भिंतीच्या बाबांनी घरी टीव्हीवर ऐकलं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि अर्धवट सोडलेल्या कामाचा त्यांना भारी तिटकारा. लेकीने घरी येऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी भिंगावरून डोळा न काढता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शर्यत सोडली तर सोडली म्हणावं. दुसऱ्यावर कशाला ढकलायचं?”

ताईचं खोटं तिने एक वेळ गिळलं असतं. बाबांचं बोलणं मात्र जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती: ताईच्या नावापुढेही तेच दोन शब्द लागावेत, आणि ते बाबांनी बघावं.

यंदाच्या शर्यतीच्या सकाळी मेकॅनिक काका सायकली पुसत होते. ताईला आठच दिवसांपूर्वी एका कंपनीने नवीकोरी सायकल भेट दिली होती. ती मिरवण्यात आठ दिवस गेले, पण तिचं चाक ताईने एकदाही स्वतःच्या हाताने काढलं नव्हतं. हात काळे होतात ना.

“तिच्या सायकलीत चाकातून जाणारी दांडी जाड आहे,” काका म्हणाले. “तुमची चाकं तिला बसायची नाहीत. पंक्चर झालं तर तुझी अख्खी सायकलच दे. उंची सारखीच आहे तुमची. एवढं तिला सांग बाई, माझं ती ऐकून घेत नाही.”

“सांगते,” भिंत म्हणाली.

आणि सांगितलं नाही. ताई दोन हात अंतरावर आरशासमोर केस बांधत होती, तेव्हाही नाही.

शर्यत सुरू झाली. बावीस किलोमीटर उरले तेव्हा पुढे नऊजणीच राहिल्या होत्या. भिंत आणि ताई त्यांच्या अगदी शेवटी. उताराला रस्ता उखडलेला होता. पुढच्या स्वाराने खड्डा दिसला की हात खाली करून मागच्याला दाखवायचा, हे सायकलवाल्यांचं पहिलं पथ्य. मागच्याला पुढच्या पाठीशिवाय काही दिसत नसतं. भिंतीला खड्डा दिसला. तिने ऐन वेळी सायकल वळवली, पण हात हँडलवरून हलवला नाही. मागे धाडकन आवाज आला, आणि तो तिला मनापासून गोड लागला.

कॅमेऱ्याची मोटारसायकल शेजारी येऊन थांबली. ताई पडली नव्हती, पण पुढचं चाक पंक्चर झालं होतं, आणि संघाची गाडी याही वेळी मागेच अडकलेली.

“चाक दे, लवकर.”

भिंत उतरली. आपलं चाक सोडवलं, ते सायकलला घट्ट धरून ठेवणारी सळई ओढून मुठीत धरली आणि चाक ताईपुढे केलं. ताईने ते घालून पाहिलं, उलटं करून घातलं, ठोकलं. चाक लोंबकळत राहिलं.

“हे बसत का नाही?”

“मला काय माहीत, ताई.”

तिसऱ्या वेळेला ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. “तुझी सायकल दे.”

तोवर भिंतीने लोंबकळतं चाक काढून घेऊन परत आपल्या सायकलला चढवलं होतं. “चाक मागितलंस, दिलं,” ती हळू म्हणाली, आणि पेडल मारून निघून गेली. मागून ताई तिला हाक मारत होती. कधी नव्हे ते खऱ्या नावाने.

भिंत सातवी आली. ताई शर्यतीमागून रखडलेल्यांना गोळा करत येणाऱ्या गाडीतून, हेल्मेट मांडीवर घेऊन आली. फलकावर तिच्यापुढे ‘शर्यत अपूर्ण’ झळकत होतं. वार्ताहराने माइक पुढे केला, तेव्हा भिंतीने ताई ऐकू येईल इतकी जवळ येण्याची वाट पाहिली.

“तिची सायकल बिघडली,” ती म्हणाली. “मग मी एकटीच होते.”

ताईने मान खाली घातली. चार वर्षांची आग एका घोटात विझावी तसं भिंतीला वाटलं. हसू आवरत तिने घरी फोन लावला.

“बघितलं मी,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता. “तू चाक काढून दिलंस. तेव्हाही असंच दिलं होतंस ना? मी उगाच तुला बोललो, बाळा.”

“हो, बाबा.”

पलीकडे बाबांनी भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“एक विचारू? जो भाग परत तिथेच बसवायचा असतो, त्याचा स्क्रू आपण हातात धरून ठेवतो. देऊन टाकायचा असला तर सोबत देतो. तू ती सळई मुठीतून सोडलीच नाहीस.” बाबा थांबले. “चाक बसणार नाही, हे तुला माहीत होतं?”

खोटं बोलायला वाव होता. पण याच माणसाला खरं पटवण्यासाठी तिने चार वर्षं घालवली होती.

“हो,” ती म्हणाली.

“बरं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी तिच्या शब्दावर लगेच विश्वास ठेवला होता.