बिनकड्यांची दारं

मनकर्णाबाई नरवड्यांना राग यायला वेळ लागत नाही, हे औरंगपुऱ्याच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं गणवेशाचं दुकान. एखादा बाप लेकाला दोन जोड आणि लेकीला एकच घ्यायला लागला, की त्या कापड गुंडाळून फळीवर ठेवायच्या. "दोघांला सारखं घ्यायचं असंल तर सांगा," म्हणायच्या. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. पण हा राग तापायचा तसा निवायचाही. त्या जानेवारीत जो आला, तो मात्र निवला नाही.

दुकानाशिवाय बाईंचा दुसरा व्याप म्हणजे मैनावती कन्या निवासचा माजी विद्यार्थिनी संघ. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत खेड्यातल्या पोरींना राहून शिकता यावं म्हणून ही शाळा निघाली. मनकर्णा पाचोडहून पाचवीत आली ती मॅट्रिक होऊनच बाहेर पडली. तिची खोलीतली मैत्रीण भानुमती. ती हुशार, दिसायला नीटस. पुढं संस्थापकांचीच सून झाली, देऊळगावकरांच्या घरात गेली. तिचे यजमान श्रीनिवासराव आता संस्थेचे चेअरमन. भानुमती संघाची अध्यक्ष, मनकर्णाबाई सचिव. मेळाव्यात समई लावायची ती अध्यक्षांनी. बाकी सगळं सचिवांनी.

आणि ते बाकीचं काही थोडंथोडकं नव्हतं. लग्नात बायकांची नावं बदललेली, आडनावं बदललेली, गावं बदललेली. माग काढत काढत फोन लावायचा, तर आधी नवरा नाहीतर मुलगा उचलणार. "कुठला संघ? कशासाठी?" त्याची समजूत घालायची. मग बाई फोनवर यायची आणि आपलं माहेरचं नाव ऐकून गप्पच व्हायची. त्या नावानं तिला कितीतरी वर्षांत कुणी हाक मारलेली नसायची.

यंदाचा मेळावा मोठा होता. शाळेच्या फाटकावर दगडी कमान बांधली होती, श्रीनिवासरावांच्या वडिलांच्या नावाची. तिचं उद्घाटन त्याच दिवशी. लेझीम खेळणाऱ्या मुलींना नवे पोशाख हवे होते, म्हणून मनकर्णाबाई टेप घेऊन वसतिगृहात गेल्या. कावेरी नावाची आठवीतली पोर समोर आली, पण हात काही वर करीना. स्वेटर गच्च धरून उभी. जवळ गेल्यावर बाईंना वास आला.

"अंघोळ केली नाय का गं?"

पोर खाली बघत राहिली. एवढ्या मुली असून कुणी खुदकन हसलंही नाही, तेव्हा बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी टेप गळ्यात टाकला आणि कावेरीला बाजूला नेलं.

"कोणत्या गावची तू?"

"पाचोड."

"मग मी तुझी मावशीच की. सांग, काय झालं?"

"बाथरूमच्या कड्या काढल्यात," कावेरी म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीतून आलो तव्हाच काढलेल्या व्हत्या. एक पोरगी आत जाती, दोघी बाहेरून दार धरत्यात. परवा कडूबामामा आले, पाणी कोण सांडतंय ते बघायला. दार ढकललं. आत दुर्गा व्हती. तव्हापासून ती जेवत नाय. मी पण जात नाय अंघोळीला."

कडूबा म्हणजे शाळेचा शिपाई. मनकर्णाबाई तशाच न्हाणीघराकडं गेल्या. दारं ओळीनं उभी होती आणि प्रत्येकावर आतून, जिथं कडी असायची तिथं, स्क्रूची रिकामी भोकं. एका दाराला कुणीतरी ओढणीची चिंधी बांधली होती, आतून धरून ठेवायला.

वसतिगृहाच्या गृहपाल अंबिका मॅडम रजिस्टरावर सह्या करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "एका मुलीकडे मोबाईल सापडला, बाई. आत तासतास बसून बोलतात. काही झालं तर जबाबदार कोण? चेअरमन साहेबांचा आदेश आहे. मी नोकर माणूस."

"कडूबा आत गेला, तोबी आदेशानंच?"

"त्याला समज दिली आहे," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या पानावर सही केली.

मनकर्णाबाईंनी रिक्षा केली आणि थेट भानुमतीचं घर गाठलं. भानुमती पाहुण्यांसाठी आणलेल्या शाली निवडत बसली होती.

"भानू, कड्या काढल्यात हे तुला ठाऊक व्हतं?"

भानुमतीचा हात थांबला. "कानावर आलं होतं. दिवाळीनंतर."

"आन् तू गप बसलीस?"

"मनू, हळू बोल. हे म्हणाले तात्पुरतं आहे."

"तुझ्या न्हाणीची कडी काढते आज. तात्पुरती. बघ कसं वाटतं."

भानुमतीने शाल घडी करून बाजूला ठेवली. "माझं ऐकून घे. मेळावा पार पडू दे, मग मी यांच्याशी बोलते. तू आत्ता बोभाटा केलास तर काय होईल? दुसऱ्या दिवशी बाप येतील आणि पोरींना घेऊन जातील. घरी नेऊन काय करतील, हे मी तुला सांगायला हवं? आपल्या वेळची भागूबाई आठवते ना? आईच्या दुखण्याचं निमित्त करून नेली, आणि पुढच्या महिन्यात तिचं लग्न."

हे खरं होतं. खोटं असतं तर बाईंनी तिथल्या तिथं उडवून लावलं असतं. खरं होतं, म्हणूनच त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

"म्हणजे लग्न टाळायचं असंल तर पोरींनी उघड्या दारात अंघोळ करायची," त्या म्हणाल्या. "असाच ना तुमचा हिशोब? बाप तिकडं टपलेला, तुम्ही इकडं. आन् मधी पोरीनं जायचं कुठं?"

मनकर्णाबाई चहा न घेता उठल्या. पन्नास वर्षांच्या मैत्रीत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून कड्या घेतल्या, पुंजाराम सुताराला बरोबर घेतलं आणि शाळेच्या फाटकावर गेल्या. कडूबा आडवा आला. "साहेबांची परवानगी आणा, बाई." त्याच्याकडं बघून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या खिशात. दुकानात परत आल्या तोवर शाळेच्या ऑफिसातून फोन येऊन गेला होता. लेझीमचे पोशाख दुसरीकडं दिलेत, आणि इथून पुढं गणवेशाचं कामही दुसरीकडंच जाईल.

"असं व्हय," बाई म्हणाल्या. त्यांनी शिवणाच्या मशिनीचा पेचकस उचलला आणि मेळाव्याच्या पिशवीत, बिल्ल्यांच्या आणि गुलाबांच्या खाली, कड्यांशेजारी ठेवला.

मेळाव्याच्या दिवशी सचिवांना कोण अडवणार? बायका सकाळपासून येत होत्या. कुणी नातीला घेऊन, कुणी गुडघ्याला पट्टा बांधून. फर्दापूरहून सारजाबाई आली. लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी तिची खानावळ आहे. रोज शेकड्यांनी माणसांना दटावून जेवायला घालणारी बाई, तिचा आवाज मांडवाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा.

रिवाज असा, की कार्यक्रमाआधी सगळ्या जणी आपापल्या खोल्या बघायला जायच्या. "खोल्या मागून," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आधी माझ्यासंगं चला." आणि त्या सगळ्यांना न्हाणीघराकडं घेऊन गेल्या. भाषण केलं नाही. एक दार उघडलं, भोकांवर बोट ठेवलं आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. दुर्गाचं नाव मात्र घेतलं नाही.

मग सारजाबाईनं खांद्यावरचा पदर कंबरेला खोचला.

"मी अंघोळ करते," ती म्हणाली.

"आता? कार्यक्रम सुरू व्हायलाय."

"हितंच करते. अशाच दारात. धरा गं दोघी जणी."

ती बादली भरून खरंच आत गेली. दोन म्हाताऱ्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आत पाण्याचा आवाज सुरू झाला. शेजारच्या दारापाशी मनकर्णाबाई खाली बसल्या आणि पहिली कडी लावायला लागल्या. स्क्रू जुन्या भोकांत घट्ट बसेनात, तेव्हा एकीनं आगपेटीच्या काड्या मोडून भोकांत कोंबायला दिल्या. दुसरीनं दार उचलून धरलं. कुणी भिंतीआडून बघणाऱ्या मुलींना जवळ बोलावलं.

तिकडं मांडवात खुर्च्या रिकाम्या. पाहुणे घड्याळ बघायला लागले, तेव्हा श्रीनिवासराव स्वतःच आले. मागं कडूबा, आणि त्याच्या मागं भानुमती.

"नरवडेबाई, हा काय तमाशा चालवलाय? पाहुणे खोळंबलेत."

मनकर्णाबाईंनी स्क्रू पिळत असताना मान वर केली. "चेअरमन साहेब, तिथंच थांबा. आत बाई अंघोळ करतीय."

श्रीनिवासरावांचा उचललेला पाय उंबऱ्यापाशीच थांबला. आतून सारजाबाईचा आवाज आला, "कोण हाय गं? कडूबा हाय का? येऊ दे की त्याला. पाणी किती सांडलंय बघंल!"

श्रीनिवासरावांचा चेहरा लाल झाला. कडूबा दोन पावलं मागं सरला.

"का थांबलात?" मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. "माझ्या वयाच्या बाईची लाज वाटली ना तुम्हाला? बघा, पाय थांबला. मग तेरा-चौदा वर्षांच्या पोरी आत असताना तुमच्या माणसाचा पाय का नाय थांबला? तुमच्या वडलांच्या नावाची कमान तिकडं उभी केलीत, आन् हितं बोटभर कडी जड झाली तुम्हाला?"

"हे बसून बोलता आलं असतं."

"बसूनच बोलले मी. तुमच्या घरात, तुमच्या बायकोपाशी."

त्यांनी भानुमतीकडं पाहिलं. सगळ्याच बायकांनी पाहिलं. ती काहीतरी बोलेल असं वाटलं. मग तिनं पदर सावरला आणि नवऱ्याच्या मागोमाग मांडवाकडं निघून गेली. कमानीचं उद्घाटन शिपाई, शिक्षक आणि पाहुण्यांच्या ड्रायव्हरांच्या समोर झालं. बायका कड्या लावत होत्या. संपल्यावर प्रत्येक दार एकेका मुलीनं आत जाऊन लावून बघितलं. सारजाबाई ओल्या केसांनी बाहेर आली आणि म्हणाली, "पाणी लई गार हाय. पोरींना ऊन पाणी पण द्यायला सांगा."

संघातल्याच एकीनं शिक्षण खात्याकडं तक्रार केली, चौकशी झाली. अंबिका मॅडमची बदली झाली, कडूबाला शाळेतून काढलं. कड्या पुन्हा कुणी काढल्या नाहीत. श्रीनिवासराव चेअरमनच्या खुर्चीत तसेच राहिले. महिन्याभरात त्यांनी जुन्या संघाला शाळेच्या आवारात बंदी केली आणि नवा संघ काढला. त्याची अध्यक्ष भानुमती. जुना संघ मनकर्णाबाईंच्या दुकानातल्या माळ्यावर आला.

पण भानुमती बोलली होती तसंही झालंच. बातमी गावोगाव गेली आणि बाप आले. बहुतेकांची समजूत पटली. दोघांची पटली नाही. कावेरीला नेलं, दुर्गाला नेलं.

मनकर्णाबाई बाजारच्या दिवशी पाचोडला गेल्या. कावेरीचा बाप रामकिसन कांद्याच्या पोत्यांपाशी बसला होता.

"पोरीला का काढली?"

"आब्रूचा सवाल हाय, बाई. शाळेचं नाव खराब झालं."

"शाळेचं झालं. तिनं काय केलं? तिनं तर तोंड उघडलं. तिनं सांगितलं नसतं तर अजून तसंच चाललं असतं, आन् तुम्ही समदे हितं कांदे इकत बसला असता!"

बाजार थांबून ऐकायला लागला. रामकिसन ओशाळला. "पाठवंन मी. पण तिथं नाय. दुसरीकडं कुठं ठिवू? तुम्ही जबाबदारी घेता का?"

"घेते," बाई म्हणाल्या. त्यांनी क्षणभरही विचार केला नव्हता. घरी गेल्यावर मुलगा-सून काय म्हणतील, हे त्यांना एसटीत बसल्यावर सुचलं. सून म्हणाली, "मधल्या खोलीत झोपंल ती." तेवढ्यावर भागलं. कावेरीचं नाव शहरातल्या दुसऱ्या शाळेत घातलं.

दुर्गाच्या गावी मात्र बाई पोचल्या तेव्हा साखरपुडा झालेला होता. "लग्न अठरा झाल्यावर," बाप म्हणाला. तो खोटं बोलतोय हे त्याला ठाऊक होतं, बाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी ग्रामसेवकाला गाठलं, लेखी दिलं, दोनदा खेटे घातले. शेवटी वऱ्हाड दुसऱ्याच गावी गेलं आणि तिथं अक्षता पडल्या. बाईंना कळलं तेव्हा दुर्गा सासरी पोचलेली होती.

त्याच आठवड्यात भानुमतीचा फोन आला. मेळाव्यानंतर पहिल्यांदाच.

"दुर्गाचं ऐकलं," ती म्हणाली. "मी तुला आधीच सांगितलं होतं, मनू."

"सांगितलं व्हतंस," मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि ते त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "तुझं बरोबर निघालं. आता एवढं सांग. बरोबर निघाल्यावर तू तिच्या दाराशी गेलीस का? नुसतं बरोबर निघून बसलीस?"

"माझ्या घरात मला किती बोलता येतं, तुला काय माहीत," भानुमती म्हणाली. तिचा आवाज ओला होता. बाईंना वाईट वाटलं. पण राग त्याहून मोठा होता, आणि त्यांनी फोन ठेवला.

मग दुर्गाच्या सासरच्या गावाजवळ संघातलं कोण राहतं, ते त्यांनी आठवून पाहिलं. आवडाबाई होती, शिऊरची, तिथल्या अंगणवाडीत नोकरी करून नुकतीच निवृत्त झालेली. तिला फोन लावला.

"आवडाबाई, एका पोरीकडं जायचंय. लग्न झालंय, आठवीत व्हती. तिला बाहेरून दहावीला बसवता येतंय, सतरा नंबरचा फॉर्म भरून. सासूशी गोड बोल, नायतर भांड, पण पोरीला समक्ष भेट. तब्येत बघ तिची. जेवती का, इचार."

"बघते, बाई," आवडाबाई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात जमतंय का ते—"

"बघते नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "उद्या जा."