नागसेनच्या कारखान्याची चिमणी

केशरबाईला चौकशीची भारी खोड. चुडाव्याच्या स्टेशनात उतरलेला माणूस कुणाकडं चाललाय हे कळल्याबिगर तिला भाकर गोड लागायची नाही. पण पोटचा लेक बंगळुरात करतो काय, हे मात्र तिला कधी धड कळलं नव्हतं. नागसेननं दोस्ताबरोबर चिपची कंपनी काढली, एवढंच ठाऊक. बाकीचं तिनं मनानंच जुळवलं. गंगाखेडच्या साखर कारखान्यासारखी चिमणी असणार, भोंगा होणार, मग मालकाला गावी यायला सवड कुठली? बाप वारला तेव्हा नागसेन माती उरकल्यावर पोचला. भावकीनं नावं ठेवली, तशी ती कडाडली, "कारखाना काय खिशात घालून यावं त्यानं?"

परवा परभणीला सत्कार होता म्हणून लेक घरी आला. ताट वाढून ती पुढ्यातच बसली.

"चिमणी केवढी रे तुझी?"

नागसेन हसला. "चिमणी कुठली, माय! आपला कारखानाच न्हाई."

"आं? मग चिपा?"

"त्या तैवानात बनतात, दुसऱ्याच्या कारखान्यात. आमी निस्ता नकाशा काढून धाडतो. तो लाईटचा मीटर हाय ना, त्यातबी आपलीच चिप हाय."

केशरबाई उठली. मीटरला नाक लावून बघून आली. "आगं बया! आन् दिसत कशी न्हाई?" तिचा ऊर नुसता भरून आला. पण खोड ती खोड. "नकाशा काढायला काय लागतं मग?"

"कंप्युटर, नेट. झालं."

"आन् बसायचं कुठं?"

"कुठंबी बसावं. माझा पार्टनर तर सहा वर्षं झाली, गावाकडूनच काम करायलाय. त्याची माय थकली म्हणून..."

बोलता बोलता नागसेन थांबला. घास हातातच राहिला.

आजवर केशरबाईनं या कारखान्यापायी कुणाकुणाशी भांडण घेतलं होतं, आणि कशासाठी? राग आला, पण रागापेक्षा रडूच जास्त आलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तुझा बाप दवाखान्यात व्हता तवा मी तुला फोन लावायले व्हते," ती म्हणाली, "तर त्यानं माझा हात धरला. म्हणला, पोराला कळवू नकु, त्याचा कारखाना बंद पडंल."

नागसेननं हातातला घास ताटात ठेवला. केशरबाईनं ताट पुन्हा त्याच्यापुढं सरकवलं.

"म्हणून न्हाई कळवलं, बाबा."